नैऋत्येचं टाकं

अरुणकाका एअरपोर्टवरून थेट मागच्या अंगणात गेला. बॅगसुद्धा घरात ठेवली नाही. मी किचनच्या खिडकीतून बघत होते. तो तुळशीच्या कुंडीपाशी थांबला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, मग बुटानं माती दाबून बघितली. रविवारचे सकाळचे आठ वाजले होते.

"शैलजा!" तो ओरडला. "टाकं कुठंय?"

असं विचारत होता, जसा काही टीव्हीचा रिमोट हरवलाय. अख्खं टाकं! दीडशे वर्षांचं, दगडी, बारा फूट खोल.

शैलजाकाकू माझ्या शेजारी पोह्यांचा कांदा चिरत होती. सुरी थांबली नाही तिची. मला म्हणाली, "तुझ्या बाबाला उठव."

"तूच सांग ना काकाला. तुलाही माहिती होतं."

"निधी, उठव म्हटलं ना."

बाबा उठलेलाच होता. जिन्यात उभा होता, अर्ध्या पायरीवर, खाली यावं की परत वर जावं असा. वर उत्तराआत्याच्या पूजेची घंटा वाजत होती. काका आत आला तेव्हा त्याचे बूट मातीनं भरलेले होते आणि काकू त्याला एक शब्द बोलली नाही, ह्यावरूनच कळत होतं की ती किती घाबरलीय. काकूच्या किचनमध्ये घरातलं कोणी बूट घालून येत नाही.

"कोणी बुजवलं?"

"दादा, तू बस आधी," बाबा म्हणाला.

"बसत नाही. कोणी बुजवलं?"

"ताई म्हणाली की..."

"ताई म्हणाली! ताई काय लॉरेन्सची मेयर आहे? नागपूरहून येऊन दोन महिने नाही झाले तिला!"

"नैऋत्येला खड्डा आहे, म्हणून माझी कामं अडतात, असं ती म्हणाली. तिनं होकायंत्र लावून बघितलं. आणि दादा, चार वर्षं झाली माझ्या ग्रीन कार्डाच्या अर्जाला. चार. माझ्यानंतर अप्लाय केलेल्यांची आली."

"म्हणून माझ्या घरातलं टाकं बुजवलंस? तू इंजिनिअर आहेस ना रे, मनोहर?"

"तू तीन आठवडे डब्लिनला लेकाकडे होतास. फोनवर सांगणार होतो."

"रोज फोन केला मी! रोज! हवा कशी आहे ते सांगायचास!"

हे खरं होतं. मी ऐकायचे. बाबा फोनवर काकाला टोमॅटो किती लागलेत ते सांगायचा आणि बाहेर हेक्टरचा ट्रक रिव्हर्स येताना टूं टूं करायचा. हेक्टर आमचं गवत कापतो. त्यानं दोनदा विचारलं होतं, नक्की ना, मिस्टर मनोहर? आणि बाबानं मातीच्या डिलिव्हरीच्या कागदावर सही केली होती. सही करताना पेन दोनदा उचललं. बाबा कुठल्याही कागदावर असाच सही करतो, जसं काही पेन चावणार आहे.

"व्हर्ना अकरा वाजता येतेय," काका म्हणाला. आता तो बसला.

"दर वर्षी येते," काकू म्हणाली. "चहा देऊ, केक देऊ. सांगू, मुलं पडतील म्हणून बंद केलं."

"ह्या वर्षी तिच्या पुतण्याच्या पोराला, डेलला, घेऊन येतेय. तो मंगळवारी इराकला चाललाय. आज चार वाजता त्याला फोर्ट रायलीच्या छावणीत हजर व्हायचंय. म्हणजे दोनला इथून निघायला पाहिजे. तो टाक्यात उतरायला येतोय, शैलजा. म्हणून मी रात्रभर विमानं बदलत आलो."

काकूची सुरी थांबली.

ह्या टाक्याची गोष्ट आमच्या घरी जेवायला आलेल्या प्रत्येक माणसाला ऐकावी लागते. काका स्वीट डिशच्या आधी सुरू करतो, म्हणजे कोणी उठून जात नाही. कॅन्सस तेव्हा स्टेट होऊन जेमतेम अडीच वर्षं झाली होती. इकडे गुलामगिरी नको म्हणणारे, चाळीस मैलांवर मिझुरीत पाहिजे म्हणणारे, आणि बाकीच्या देशात सिव्हिल वॉर सुरू व्हायच्या किती तरी आधीपासून हे एकमेकांची घरं जाळत होते. मग १८६३ च्या २१ ऑगस्टला पहाटे मिझुरीकडून चारशे घोडेस्वार आमच्या ह्या लॉरेन्स गावात घुसले. गावाच्या बंदुका एका खोलीत कुलपात होत्या. स्वारांकडे नावांच्या याद्या होत्या. बायकांना हात लावला नाही, पण दिसेल तो पुरुष मारला, चौदा-पंधरा वर्षांची पोरंसुद्धा. दीडशेच्या वर माणसं गेली, जेवायची वेळ व्हायच्या आधी. ह्या घरात तेरा वर्षांची लिडिया होती. तिनं वडील आणि भाऊ दोघांना पाण्याच्या टाक्यात उतरवलं, वर झाकण टाकलं, झाकणावर बसली आणि कपडे धूत राहिली. चार तास. स्वार येऊन विचारायचे, इथे कोणी पुरुष आहे? ती म्हणायची, मी एकटीच आहे.

ती लिडिया म्हणजे व्हर्नाची आजी. व्हर्ना अठ्ठ्याऐंशीची आहे, तिनं हे आजीच्या तोंडून ऐकलंय. तेव्हापासून त्या घरातला कोणीही लढाईवर निघाला की आधी टाक्यात उतरतो. वर त्यांच्यातली एक बाई बसते. व्हर्नाचा भाऊ जर्मनीत लढून परत आला, पुतण्या व्हिएतनामहून आला. एक चुलतभाऊ, हा सगळा खुळचटपणा आहे म्हणून न उतरता कोरियाला गेला. तो आला नाही.

काका इथेच थांबतो नेहमी. पुढचं सांगत नाही, की चार दिवसांनी इकडच्याच आर्मीनं ऑर्डर काढली आणि मिझुरीच्या बॉर्डरवरच्या लोकांना पंधरा दिवसांत घरं सोडायला लावली. स्वारांना मदत केलेली असो नसो. मग ती घरं जाळली. जे आपण सरकारच्या बाजूचे आहोत असं सिद्ध करतील त्यांना एक सर्टिफिकेट मिळायचं. हे मी व्हर्नाकडून ऐकलं. बाबानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याचा एकच प्रश्न होता: "सर्टिफिकेटला किती दिवस लागायचे?"

"कागद आहे," काका म्हणाला. "घर घेताना मी सही केलीय. टाकं बुजवायचं नाही आणि एकवीस ऑगस्टला त्यांना येऊ द्यायचं. कोर्टात नेऊ शकते ती."

"कोर्ट?" बाबा म्हणाला. एवढंच. पण त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला खिडकीतून दिसावं तसं दिसत होतं. मातीच्या पावतीवर त्याची सही. हेक्टरकडे इथे राहायचे कागद नाहीत आणि बाबानं त्याला कामाला लावलं. कोर्टात विचारतील, तुम्ही कोण? तुमचं स्टेटस काय? आई माझ्या मोठ्या बहिणीच्या, रुचाताईच्या, बाळंतपणाला दूर बॉथेलला गेलीय, ती परत यायच्या आत आम्ही बॅगा भरत असू.

काकाला कोर्टाची भीती नव्हती. त्याला दुसरंच काही तरी आठवत होतं, आणि ते काकूलाही आठवत होतं, म्हणून दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. २००१ मध्ये, हे घर घेऊन सहा महिने झाले होते तेव्हा, टॉवर पडल्यावर दुसऱ्या दिवशी कोणी तरी आमची मेलबॉक्स बॅटनं फोडली आणि दारावर काहीबाही लिहिलं. व्हर्नाला कळलं. ती विणकाम घेऊन आली आणि आमच्या पुढच्या पोर्चवर बसली. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला दिसेल अशी. तीन दिवस. काकू तिला आत बोलवायची तर म्हणायची, नको, इथे उजेड चांगलाय.

"मला दर वर्षी राग यायचा," काकू एकदम म्हणाली. "माझ्या किचनमधून बूट घालून जातात. माझं घर, पण सगळे म्हणतात लिडियाचं घर. मला कागदाचं माहिती होतं, अरुण. मी बोलले नाही."

काकानं तिच्याकडे असं बघितलं की मी मान फिरवली.

मग बाबा म्हणाला, "हेक्टरचं नाव सांगू."

"म्हणजे?"

"सांगू की त्याला गवत कापायला सांगितलं होतं, आम्ही घरी नव्हतो, त्याला वाटलं जुना खड्डा आहे, त्यानं भरला. चूक झाली. त्याला कोणी कोर्टात नेणार नाही. नेऊन काय मिळणार?"

"त्याला शेरीफ नेईल!" मी म्हणाले. "मग इमिग्रेशनवाले नेतील! बाबा, त्याला दोन मुलं आहेत!"

"मलाही दोन मुली आहेत."

"अरे पण त्यानं दोनदा विचारलं तुला! मी तिथंच होते!"

"निधी," काका म्हणाला, "ज्यांनी अकरावीत शाळा सोडली त्यांनी मोठ्यांना शिकवू नये."

"मग मोठ्यांनी खड्डे बुजवू नयेत!"

काकूनं माझा दंड धरला. बोटं रुतली. "ताईंना काही बोलायचं नाही," ती म्हणाली. "त्यांचं बीपी. आणि व्हर्नाशी काय बोलायचं ते अरुण बोलेल." आठ वाजता काका आणि बाबा एकमेकांच्या जिवावर उठले होते. साडेआठला तिघं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला मी.

घंटा थांबली. आत्या खाली आली, कपाळाला कुंकू, हातात तांब्या. "आलास का रे अरुण? काहून ओरडत होता? तुळस बघितली नं? छान जीव धरला तिनं." ती पाणी घालायला बाहेर गेली.

आत्यानं बाबाला वाढवलंय. बाबा सहा वर्षांचा असताना त्यांची आई गेली, आत्या तेव्हा अठराची. पुढे लग्न केलं, पण मूल झालं नाही, आणि ती म्हणते एक होतंच. इथे आल्यापासून ती रोज मेलबॉक्सपाशी जाऊन उभी राहायची. कुठलंही जाड पाकीट आलं की इंग्लिश न वाचता मला विचारायची, "हे ते आहे का?" ते ते नसायचं. सगळ्यांना वाटतं आत्याला वास्तूचं वेड आहे. तिला बाबाचं वेड आहे.

अकराला पाच कमी असताना डेलचा पिकअप आला. एकोणीस वर्षांचा, कान बाहेर, केस इतके बारीक कापलेले की डोक्याची हाडं दिसत होती. त्यानं आधी व्हर्नाला उतरवलं, तिचा वॉकर दिला, मग मागून ॲल्युमिनियमची शिडी काढली आणि खांद्यावर घेतली. चौदा फुटी शिडी. मला वाटलं आता पळून जावं.

ते दोघं घराला वळसा घालून मागे आले. व्हर्ना थांबली. डेल शिडी घेऊन अजून दोन पावलं पुढे गेला आणि मग तोही थांबला. तुळशीपाशी आत्या उभी होती, तिनं हात जोडले. "नमस्ते," ती म्हणाली. तिला वाटलं पाहुणे तुळस बघतायत.

"व्हर्ना," काका म्हणाला, "मला फार वाईट वाटतंय. आमच्या माळ्याकडून चूक झाली." इंग्लिशमध्ये बोलत होता, तीस वर्षांचं पॉलिश केलेलं इंग्लिश, पण मध्येच अडखळला. "आम्ही घरी नव्हतो."

डेलनं शिडी खाली ठेवली, हळू, आवाज न करता. कान लाल झाले होते त्याचे. "त्याचं नाव काय?"

काकानं बाबाकडे बघितलं.

"हेक्टर," बाबा म्हणाला.

"नंबर आहे?"

बाबानं फोन काढला. खरंच काढला. आकडे वाचायला लागला आणि डेल त्याच्या फोनवर दाबत गेला, सात, आठ, पाच. एक आकडा बाबानं चुकीचा वाचला, मग तो परत वाचला.

"हेक्टरनं नाही केलं," मी म्हणाले.

"निधी!" काकू.

"आम्ही सांगितलं त्याला. आम्हीच. तो नको म्हणत होता."

डेलनं फोन बंद केला. आत्या माझ्याजवळ आली. "काय झालं गं? काहून सगळ्यांचे चेहरे असे? ही शिडी कशाला?"

बीपी गेलं खड्ड्यात. मी सांगितलं. मराठीत, भराभरा, सगळं: लिडिया, झाकण, हा पोरगा मंगळवारी लढाईवर चाललाय, हे लोक जायच्या आधी ह्या टाक्यात उतरतात म्हणजे परत येतात, आणि आपण ते बुजवलंय.

आत्याला एकदाच सांगावं लागलं. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, असं कुठे असतं का. पण जी बाई मानते की खड्डा असला म्हणून भावाचा कागद येत नाही, तिला हे पटवायला काय लागतं? तिनं डेलकडे बघितलं. त्याच्या कानांकडे, त्याच्या त्या डोक्याकडे. तिनं कुंडी दोन्ही हातांनी धरली, मला वाटलं आधारासाठी. पण ती कुंडी उचलून बाजूला ठेवत होती.

"हिला सांग, मी केलं," ती म्हणाली. "अरुणनं नाही, मनोहरनं नाही. माझ्या भावासाठी केलं. हिला विचार, मी आता काय करू?"

मी सांगितलं, आहे तसं. व्हर्ना वॉकर टेकत आत्याच्या समोर आली. तिचा आवाज अजिबात चढत नाही, तेच भीतीदायक असतं.

"माझी आजी चार तास खोटं बोलली," ती म्हणाली. काकाला म्हणाली, आत्याला नाही. "मी खोट्याला नावं ठेवणारी नाही, अरुण. पण ती माणूस वाचवायला बोलली. तुम्ही तर माणूस पकडून देत होतात."

काकानं मान खाली घातली. बाबा गॅरेजमध्ये गेला. मला वाटलं तो लपायला गेला. तो दोन फावडी घेऊन आला.

टाक्याचं तोंड तीन फुटांचं, खाली पोट मोठं. त्या तोंडात खणायला एका वेळी एकच माणूस मावत होता. बाबानं हेक्टरला मशीनसाठी फोन लावला, मेसेजवर गेला, रविवारी तो चर्चमध्ये असतो. बाबानं मेसेजमध्ये तीनदा सॉरी म्हटलं आणि कशासाठी ते नीट सांगितलंच नाही. मग खणायला लागले. आधी डेल, मग बाबा, मग मी, मग परत डेल. काका एअरपोर्टच्या पँटमध्ये बादल्या ओढत होता. काकूनं कपड्यांची बास्केट आणली, तिचं सगळ्यात मोठं पातेलंसुद्धा आणलं. दर थोड्या वेळानं कोणी तरी घड्याळ बघायचं आणि ते बघून बाकीचे सगळे बघायचे. बारा. पाऊण. माती खाली दाबून बसली होती, हेक्टरनं काम चांगलं केलं होतं, मेला.

पावणेदोनला डेल खड्ड्यात उभा राहिला तर जमिनीची कड त्याच्या छातीपर्यंत येत होती. साडेचार फूट. बारापैकी साडेचार.

"निघायला पाहिजे, आंट व्हर्ना," तो म्हणाला.

"खाली बस," व्हर्ना म्हणाली. "गुडघे घे जवळ. डोकं वाकव."

तो बसला. डोकं आत गेलं. काकू गॅरेजमधून लाकडी झाकण घेऊन आली. तिनं ते फेकलं नव्हतं. त्यावर किचनमधली खुर्ची ठेवली. व्हर्ना खुर्चीकडे बघत राहिली, मग आत्याकडे वळली. "तिला सांग, तिनं बसायचं. बंद तिनं केलं. मी विचारेन, तिनं उत्तर द्यायचं."

आत्या बसली. पदर घट्ट ओढून, हात मातीनं भरलेले, ते मांडीवर ठेवून. बसताना खुर्ची करकरली तर ती दचकली, खाली पोराला लागेल म्हणून.

"इथे कोणी पुरुष आहे?" व्हर्नानं विचारलं. मी आत्याला सांगितलं. काका, बाबा तिच्यासमोर उभे होते, घामानं निथळत.

"नाही," आत्या म्हणाली. "कोणी नाही. मी एकटीच आहे."

"खरं सांग."

"नाही म्हटलं नं! कोणी नाही इथे! जा तुम्ही!"

ती ओरडली. खरोखर ओरडली, घोड्यावर बसलेल्या माणसाकडे बघावं तसं वर बघत. व्हर्नानं वॉकर आपटला आणि हाक मारली, "डेल!" आम्ही झाकण काढलं. तो वर आला, पापण्यांवरसुद्धा माती. आत्यानं पदरानं त्याचं तोंड पुसलं. तो लाजला. काकूनं त्याच्या हातात पोह्यांचा डबा दिला. शिडी पिकअपमध्ये गेली, एकदाही न वापरता, आणि दोन वाजून दहा मिनिटांनी ते गेले. व्हर्ना कागदाबद्दल काही बोलली नाही. परत येईन असंही म्हणाली नाही.

काका पायरीवर बसून राहिला. काकू त्याच्यापासून दोन हात लांब.

"साडेचार फूट चालतं का?" बाबानं विचारलं. कोणाला विचारलं, माहिती नाही.

आत्या आत आली नाही. ती रिकामी बादली घेऊन खड्ड्याच्या कडेला उभी होती. "तो पोरगा परत यायच्या आधी तळ लागला पाहिजे," ती म्हणाली.

बाबा फावडं घेऊन आत उतरला. आत्या खाली वाकली. माझ्या बाबाकडे तिनं असं बघितलं, जसं तोच कुठे तरी लढाईवर चाललाय.

"मनोहर, अरे, नैऋत्य उघडी राहील. तुझं कार्ड..."

"ताई," बाबा आतून म्हणाला, "बादली दे."